कर्मेल: एका दुपारचा डोंगर

डोंगरभटक्या

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन महिने इस्रायलमधल्या हैफात होतो. शहर बंदराचं, पण वसलंय डोंगराच्या उतारावर. तळाशी गोदी, मधे बाजार, माथ्यावर बंगले. चढाला कंटाळलेल्यांसाठी १९५९ पासून डोंगराच्या पोटातून जाणारी भुयारी रेल्वे आहे, तिचं नाव कार्मेलित. उतार इतका की स्टेशनंही पायऱ्यापायऱ्यांची. मी रोज तिने वर जायचो, संध्याकाळी खाली यायचो. ज्या डोंगरातून जातोय तो बायबलातला कर्मेल, हे ठाऊक होतं, पण त्याचं काही वाटायचं नाही. पर्वतीच्या पायथ्याशी राहणारे तरी कुठे रोज वर जातात!

परत यायच्या आधी एका सहकाऱ्याने गाडीत घालून मुहरकाला नेलं. मुहरका म्हणजे अरबीत 'जळालेली जागा'. कर्मेल हा एक सुळका नाही. हैफाच्या भूशिरापासून आग्नेयेकडे साधारण ३९ किलोमीटर गेलेली ती रांग आहे. सर्वांत उंच जागा ५४६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहून कमी. मुहरका या रांगेच्या आतल्या टोकाला. तिथे कार्मेलाइट साधूंचा छोटा मठ, अंगणात तलवार उगारलेला एलीया संदेष्ट्याचा पुतळा, आणि गच्चीवर गेलं की खाली इज्रेलचं खोरं गोधडीसारखं पसरलेलं.

सीनाय डोंगरावर मोशेला दहा आज्ञा मिळाल्या. यरुशलेमच्या सियोन टेकडीशी दाविद राजाचं नाव जोडलं गेलं. कर्मेलवर यातलं काहीच नाही. तिथे घडली ती फक्त एक दुपार, आणि तिचा हिशेब दोन धर्म अजून मांडतायत. म्हणून हा धागा.

ती दुपार थोडक्यात (१ राजे, अध्याय १८). काळ ख्रिस्तपूर्व नववं शतक. उत्तरेच्या इस्राएल राज्यावर अहाब राजा, राणी ईजबेल सीदोनची, म्हणजे समुद्रकाठच्या फिनिशियन लोकांची. तिच्याबरोबर बआलाची पूजा आली. बआल हा पावसाचा, गडगडाटाचा देव. आणि नेमका पाऊसच तीन वर्षं गायब! एलीया म्हणतो, या सगळे कर्मेलवर. एका बाजूला बआलाचे ४५० संदेष्टे, दुसऱ्या बाजूला तो एकटा. दोन गोऱ्हे, दोन वेद्या, विस्तव कुणीच लावायचा नाही. जो देव आग पाठवील तो खरा.

ही जागा का? कर्मेल फिनिशियाच्या सीमेवर. समुद्रावरून आलेले ढग आधी त्यालाच अडतात. पावसाच्या देवाला आव्हान द्यायचं तर त्याच्याच अंगणात.

जमलेल्या लोकांना एलीया विचारतो, 'दोन मतांमध्ये किती दिवस लंगडत राहणार?' पुढे बआलाचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात, त्या नाचाला हिब्रूत हेच 'लंगडणे' क्रियापद वापरलंय. लिहिणाऱ्याने गालातल्या गालात हसत लिहिलं असणार. दुपार होते, काही होत नाही. मग एलीया चिडवायला लागतो: मोठ्याने ओरडा की! देव आहे तो. विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ काही भाषांतरकार सरळ 'परसाकडे गेला असेल' असा करतात.

संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी एलीया मोडकी वेदी बारा दगडांनी पुन्हा उभारतो. हे बारा महत्त्वाचे. राज्य फुटून दोन झालं होतं, अहाबाकडे फक्त उत्तर. तरी एलीया इस्राएलच्या बाराही वंशांचे दगड मांडतो. मग चार घागरी पाणी, तीनदा, वेदीवर ओततो. आग येते, गोऱ्हा, लाकडं, दगड, वेदीभोवतीच्या चरातलं पाणी सगळं चाटून जाते. लोक पालथे पडून ओरडतात, 'परमेश्वर हाच देव! परमेश्वर हाच देव!'

मला मात्र आगीपेक्षा पुढचा प्रसंग आवडतो. एलीया माथ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि गड्याला सांगतो, जा, समुद्राकडे बघ. काही नाही. पुन्हा जा. असं सात वेळा. सातव्यांदा गडी म्हणतो, माणसाच्या तळहाताएवढा ढग समुद्रातून वर येतोय. जूनमध्ये कोकणात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता धर्मांनी याचं काय केलं ते.

यहुदी परंपरेत इथे मोठी अडचण आहे. यरुशलेमात मंदिर उभं असताना बाहेर कुठेही यज्ञ करायला सक्त मनाई, आणि एलीया तर भर डोंगरावर करतो! तालमूद या यहुदी धर्मग्रंथात यावर खल आहे. उत्तर असं, की हा प्रसंगापुरता, वेळेच्या गरजेचा आदेश होता, त्यावरून कायमचा नियम काढायचा नाही. आपल्याकडे आपद्धर्म म्हणतात तसं. म्हणून कर्मेलवर पुढे मंदिर झालं नाही, वार्षिक यज्ञ नाही, काही नाही. राहिली ती लोकांची आरोळी. योम किप्पूरच्या दिवसभराच्या उपवासाची शेवटची प्रार्थना संपताना जगभरच्या सिनेगॉगमध्ये 'परमेश्वर हाच देव' हे सात वेळा म्हणतात. डोंगर मागे राहिला, आरोळी पुढे गेली.

ख्रिस्ती लोकांनी उलट केलं. ते डोंगरावर राहायलाच गेले. बाराव्या शतकाच्या अखेरीस काही युरोपीय एकांतवासी कर्मेलच्या एका घळीत, 'एलीयाचा झरा' म्हणतात त्याच्या काठी, राहू लागले. १२०६ ते १२१४ च्या दरम्यान यरुशलेमचे पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) आल्बर्ट यांनी त्यांना छोटीशी नियमावली लिहून दिली. प्रत्येकाची वेगळी खोली, रात्रंदिवस मनन, मधोमध प्रार्थनागृह. तेच कार्मेलाइट. १२९१ मध्ये क्रूसेडरांचं जवळचं बंदर अक्को पडलं आणि डोंगर सुटला. मग गंमत झाली: डोंगर नाही, पण नाव कर्मेलचंच! स्पेनमध्ये आविलाच्या तेरेसाने १५६२ मध्ये संघाची सुधारणा सुरू केली, तिचा सोबती क्रूसचा योहान, त्याने आत्म्याच्या वाटचालीला 'कर्मेलची चढण' म्हटलं. दोघांनीही खरा डोंगर कधी पाहिला नव्हता.

प्रतिसादांत भर घाला. चुका असतील तर कान पकडा.

वाचनवेडी

मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न: वांद्र्याची माउंट मेरी आणि माउंट कार्मेल एकच का? मला आतापर्यंत वाटत होतं की कार्मेल हे शाळांचंच नाव असतं. :)

वसईचा पाव

ताई, एक नाही. वांद्र्याची मोत माउली टेकडीवर आहे म्हणून माउंट मेरी, तिची जत्रा ८ सप्टेंबरच्या आसपास, मरियेच्या जन्माच्या सणाची. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला. वांद्र्यातच कार्मेल मातेचं चर्चही आहे, म्हणून गोंधळ होतो.

डोंगरभटक्या, मरियेचं राहून गेलं तुमच्याकडून. त्या घळीतल्या एकांतवाशांनी मधोमध बांधलेलं प्रार्थनागृह मरियेच्या नावाचं होतं. एलीया हा बाप आणि मरिया ही आई, असं त्यांचं घर. आणि तुमचा तो तळहाताएवढा ढग! कार्मेलाइट परंपरेत तो ढग म्हणजेच मरिया. खाऱ्या समुद्रातून वर आलेला, इवलासा, पण पोटात अख्खा पाऊस घेऊन आलेला. हैफाच्या मठाचं नावही 'स्टेला मारिस', समुद्राचा तारा.

आमच्याकडे वसईत १६ जुलै म्हणजे भर पाऊस. आजी गळ्यात तपकिरी कापडाचे दोन चौकोनी तुकडे दोऱ्यात ओवून घालायची, एक छातीवर, एक पाठीवर. स्कॅप्युलर. १२५१ मध्ये मरियेने सायमन स्टॉक या साधूला दर्शन देऊन तो दिला अशी श्रद्धा. इतिहासकार या दर्शनाबद्दल साशंक आहेत, आजी नव्हती. सणाला चर्चच्या दारात छत्र्यांचा ढीग आणि आत ओल्या कपड्यांचा वास. मी लहान असताना फादरनी ढगाची गोष्ट सांगितली तेव्हा बाहेर इतका कोसळत होता की पुढचं प्रवचन ऐकूच आलं नाही.

कार्मेलाइटांचा मुंबईशी जुना संबंध आहे. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबई बेटातून काढलं आणि चर्चं कार्मेलाइटांच्या ताब्यात दिली. पुढे शंभराहून अधिक वर्षं मुंबईतल्या कॅथलिकांचा कारभार त्यांच्याकडे होता. गोव्यात तर ते सतराव्या शतकातच आले होते. देनिस आणि रेदेम्प्तुस हे दोघे गोव्याच्या मठातले कार्मेलाइट १६३८ मध्ये सुमात्राच्या आचेमध्ये मारले गेले. त्यातला देनिस आधी खलाशी आणि नकाशे काढणारा. तेव्हा 'कार्मेल म्हणजे शाळा' एवढंच नाही हो. :)

पुस्तकी किडा

लेख चांगला. दोन पुरवण्या.

१. हा डोंगर एलीयाच्या आधी आणि नंतरही इतरांना पवित्र होताच. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सम्राट होण्याआधी व्हेस्पेशियनने कर्मेलवर कौल लावला. तो म्हणतो, तिथे मूर्ती नाही, देऊळ नाही, फक्त वेदी आणि भक्तिभाव. म्हणजे एलीयानंतर नऊशे वर्षांनीही देव वेगळा, वेदी मात्र आहेच! स्टेला मारिसमध्ये संगमरवरी पावलाचा एक तुकडा आहे, माणसाच्या पावलाहून मोठा, त्यावर ग्रीकमध्ये 'हेलिओपोलिसचा झ्यूस, कर्मेल' असं कोरलंय.

२. कार्मेलाइट लोक एलीयाला नुसता आदर्श मानत नाहीत, खरोखरचा संस्थापक मानायचे. सतराव्या शतकात पापेब्रोक या जेझुइट अभ्यासकाने सांगितलं की दोन हजार वर्षांची अखंड परंपरा वगैरे काही नाही. त्यावरून एवढी जुंपली की १६९८ मध्ये पोप इनोसंट बारावे यांनी दोन्ही बाजूंना गप्प बसायचा हुकूम दिला. तरी १७२७ मध्ये रोमच्या सेंट पीटर्समध्ये संस्थापकांच्या पुतळ्यांच्या रांगेत एलीयाचा पुतळा बसलाच. एका यहुदी संदेष्ट्याचा, कॅथलिक संघाचा संस्थापक म्हणून.

हिब्रूत 'केरेम' म्हणजे द्राक्षमळा. 'कर्मेल'चा अर्थ 'देवाचा मळा' असा लोकप्रिय आहे, पण साधा 'बागायती जमीन' हाही अर्थ बायबलमध्ये येतो.

शंकेखोर

सगळं छान, पण धागालेखकाने एक ओळ अलगद वगळली. आग पडल्यावर काय झालं? एलीयाने त्या ४५० लोकांना धरून किशोन ओहोळाकाठी नेलं आणि ठार केलं. पुतळ्याच्या हातात तलवार आहे ती शोभेची नाही. 'माझा देव खरा' हे सिद्ध झाल्यावर हरलेल्यांची कत्तल! आणि आपण इथे ढगाचं कौतुक करतोय.

दुसरं, तीन वर्षांच्या दुष्काळात डोंगरमाथ्यावर बारा घागरी पाणी कुठून आलं?

डोंगरभटक्या

शंकेखोर, पहिला मुद्दा मान्य. वगळायला नको होतं. लांबी वाढेल म्हणून वगळलं असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे ती ओळ मलाही जड जाते.

पाण्याचं उत्तर सोपं. मुहरकाच्या खाली एक विहीर आहे, तिला उन्हाळ्यातही पाणी असतं म्हणतात. सोबत्याने वरून हात करून दाखवली. अर्थात बायबलमध्ये फक्त 'कर्मेल' आहे, मुहरका नाही. जागा परंपरेने ठरवलेली.

आता कत्तलीबद्दल. समर्थन करत नाही, पण मूळ ग्रंथात लगेच पुढे काय आहे ते वाचा. अध्याय १९. एवढा जिंकलेला माणूस ईजबेलच्या एका निरोपाने घाबरून पळतो. वाळवंटात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. मग चाळीस दिवस चालून होरेबला, म्हणजे सीनायलाच, जातो. तिथे वादळ येतं, पण वादळात परमेश्वर नाही. भूकंप, त्यातही नाही. आग, आगीतही नाही! ज्या माणसाने कालपरवा आग पाडून देव सिद्ध केला, त्यालाच हे सांगितलं जातं. शेवटी येते ती मराठी बायबलातली 'शांत, मंद वाणी'. हिब्रू शब्द शब्दशः घेतले तर 'बारीक शांततेचा आवाज'. एक डोंगर दुसऱ्या डोंगराला खोडून काढतो, असं मला वाटतं.

शंकेखोर

वाटतं तुम्हाला. अध्याय १९ मध्ये 'ते ४५० लोक मारायला नको होते' असं एक अक्षर नाही. वाचणारा आपली सोय बघून अर्थ लावतो. असो, चालू द्या.

नवगावची लेक

हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. आमच्या एलियाहू हनाबीबद्दल मराठीत एवढं लिहिलेलं दिसलं आणि राहवलं नाही. (आम्ही एलीया म्हणत नाही. 'एलियाहू हनाबी'. हनाबी म्हणजे संदेष्टा.)

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी. माहेर अलिबागकडचं, लहानपण ठाण्यात, आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये लोदला. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, सात पुरुष सात बायका वाचल्या, अशी आमची कथा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं. त्या कथेत असंही सांगतात की किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्यांना शुद्धीवर आणलं ते एलियाहू हनाबीने. आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे!) एक कातळ आहे, त्यावर त्याच्या रथाच्या चाकाच्या, घोड्याच्या टापेच्या खुणा. तिथून तो स्वर्गात गेला. बायबल सांगतं यार्देन नदीच्या पलीकडून गेला. माझ्या आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, तिकडूनही गेला असेल, इथूनही गेला. तू-बिश्वात, म्हणजे झाडांचा सण, जगभरचे यहुदी साजरा करतात, पण त्याला 'एलियाहू हनाबीचा उरूस' आम्हीच म्हणतो.

आणि मलिदा. लग्नाआधी, बाळ झालं की, घर घेतलं, दुखण्यातून उठलं, नवस फेडायचा, कशालाही मलिदा. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबीचं गाणं. दुसऱ्या यहुद्यांकडे तो पेसाह सणाच्या रात्री येतो, त्याच्यासाठी वाइनचा पेला भरून दार उघडतात. आमच्याकडे तो पोह्यांच्या ताटावर येतो.

सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात ती मात्र सगळ्यांकडे. तिच्यामागे एक जुनी कथा आहे आणि ती शंकेखोर यांच्यासाठी सांगते. होरेबवर एलियाहू तक्रार करतो, 'इस्राएल लोकांनी तुझा करार सोडला, मी एकटाच उरलो.' मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींनी बायबलवर रचलेल्या कथांत, देव म्हणतो, असं काय? मग यापुढे जिथे जिथे सुंता होईल, म्हणजे करार पाळला जाईल, तिथे तिथे तू हजर राहायचंस, आपल्या डोळ्यांनी बघायचंस. म्हणजे ती मानाची खुर्ची आहे आणि शिक्षेचीही! सगळ्यांवर आग पाखडणाऱ्याला देवाने घरोघर बारशाला जायला लावलं. तुमच्या ४५० लोकांचा न्याय यात होत नाही, मला मान्य आहे. पण आमच्या लोकांनाही तो माणूस डोंगरावर होता तसा परवडणारा नव्हता, एवढं यातून दिसतं.

हैफाला एलियाहूची गुहा आहे, भूशिराच्या पायथ्याशी, समुद्राजवळ. धागालेखक मुहरकाला गेले, गुहेत गेले नाहीत वाटतं. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, द्रूज सगळ्यांनी मानलेली जागा. मुसलमान ती खिज्र या पुण्यपुरुषाची म्हणतात. पूर्वी वेड लागलेल्यांना बरं व्हायला तिथे आणून ठेवायचे. भिंतींवर जुने ग्रीक लेख आहेत. आम्ही मुलाच्या लष्करभरतीआधी गेलो होतो. सासूबाईंनी डब्यात मलिदा करून नेला. शेजारी मोरोक्कोकडच्या बायका बसल्या होत्या, त्यांनी विचारलं हे काय. सासूबाईंनी मोडक्या हिब्रूत सांगितलं, 'याच्याच घरचं आहे, घ्या.'

वसईचा पाव

नवगावची लेक, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. 'याच्याच घरचं आहे' हे आता आमच्या घरीही चालणार.

घोडेस्वार

थोडं अवांतर. कर्मेलवर भारतीय रक्तही सांडलंय. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर लान्सर्स आणि मैसूर लान्सर्सनी तुर्क-जर्मन-ऑस्ट्रियन फौजेकडून हैफा घेतलं. तोफा कर्मेलच्या उतारावर होत्या. मैसूरचे घोडेस्वार डोंगर चढून त्यांच्यावर गेले आणि जोधपूरचे खालून किशोनकाठच्या दलदलीच्या बाजूने घुसले. मेजर दलपतसिंह तिथेच पडले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्याच लढाईच्या स्मरणार्थ. म्हणजे तोच किशोन हो, शंकेखोरांचा.

झाडपाला

कर्मेल शब्द बायबलमध्ये हिरवाईसाठीच येतो. यशया शोभेची उपमा देताना कर्मेल आणि शारोन म्हणतो, आणि आमोसला सर्वनाश दाखवायचा तेव्हा 'कर्मेलचा माथा सुकून जातो'. गीतरत्नात प्रेयसीचं मस्तकही कर्मेलसारखं. समुद्राचं बाष्प अडतं म्हणून ओक आणि पाइनची दाट झाडी. डिसेंबर २०१० मध्ये तिथेच वणवा लागला, ४४ माणसं गेली. आगीची गोष्ट वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

वाचनवेडी

मला आता यादी हवीय. बहाईंच्या बागा पण याच डोंगरावर ना?

डोंगरभटक्या

हो, बहाईंना पूज्य असलेले बाब यांची समाधी आणि तिच्या वरखालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा याच उतारावर. हैफाचं पोस्टकार्ड म्हणजे तेच. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

नवगावची लेक, गुहेत खरंच गेलो नाही, चुटपुट लागलीय. स्टेला मारिसला मात्र गेलो होतो, बरोबर गुहेच्या वर. मठासमोर छोटा पिरॅमिड आहे, नेपोलियनच्या सैनिकांचा. १७९९ मध्ये अक्कोच्या वेढ्यात जखमी झालेल्यांना मठात ठेवलं होतं. नेपोलियन माघारी वळल्यावर ते मारले गेले. पुढे १८२१ मध्ये अक्कोच्या पाशाने चर्चच पाडलं. आज दिसतं ते १८३६ चं.

त्या मठातल्या एका माणसाची गोष्ट सांगायची राहिली होती. ऑस्वाल्ड रुफायझेन, पोलंडचा यहुदी. महायुद्धात मीर नावाच्या गावात ओळख लपवून जर्मन पोलिसांचा दुभाष्या झाला, आणि वस्ती संपवायचा बेत आधीच कळवून सुमारे तीनशे यहुद्यांना पळायला मदत केली. स्वतः एका कॉन्व्हेंटमध्ये लपला, तिथे ख्रिस्ती झाला, युद्धानंतर कार्मेलाइट. ब्रदर डॅनिएल. १९५९ मध्ये हैफाच्या या मठात आला आणि म्हणाला, मी धर्माने कॅथलिक पण राष्ट्राने यहुदी, परतीच्या कायद्याखाली (यहुद्यांना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होऊ देणारा कायदा) मला नागरिकत्व द्या. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. गंमत अशी की धर्मशास्त्राप्रमाणे यहुदी आईचा मुलगा यहुदीच राहतो. पण कायद्यातल्या 'यहुदी' शब्दाचा साध्या माणसाच्या मनातला अर्थ तसा नाही, असं न्यायालय म्हणालं. नंतर त्याला वेगळ्या मार्गाने नागरिकत्व मिळालं. १९९८ पर्यंत, मरेपर्यंत, तो हैफातच होता. कर्मेलच्या धाग्यात याहून जास्त 'दोन मतांमध्ये लंगडणारा' माणूस सापडणार नाही, आणि मला तो अजिबात लंगडा वाटत नाही.

नवगावची लेक

१९६२ वाचून दचकले. त्याच वर्षी आमच्या लोकांची चौकशी सुरू झाली! मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावताना आधी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तपासा. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, सुंता पाळली, शमा ही प्रार्थना म्हटली, आणि इथे येऊन 'तुम्ही नक्की यहुदी का?' आमच्या लोकांनी धरणं धरलं, रस्त्यावर आले. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. माझे सासरे त्या धरण्यात होते. ते फार बोलायचे नाहीत त्याबद्दल, फक्त मलिद्याच्या वेळी गाण्याचा आवाज त्यांचा सगळ्यांत मोठा.

मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, एदुयोत नावाच्या भागाच्या शेवटी चर्चा आहे की एलियाहू परत येईल तो कशासाठी. कोण शुद्ध वंशाचं, कोण नाही, हे निवडायला? रब्बी यहोशुआ म्हणतात, जबरदस्तीने आत घेतलेल्यांना दूर करायला आणि जबरदस्तीने दूर लोटलेल्यांना जवळ आणायला. बाकीचे पंडित म्हणतात, दूर करायलाही नाही आणि जवळ आणायलाही नाही, जगात शांती करायला. सासऱ्यांना हे वाक्य माहीत होतं की नाही, आता विचारता येणार नाही.

शंकेखोर

हे मात्र मला माहीत नव्हतं. कत्तलीवरचं मत कायम. पण तो मिश्ना वाचायला हवा.

पुस्तकी किडा

एदुयोत, आठव्या अध्यायाचा शेवट. आणि विषय निघालाच आहे तर: एडिथ स्टाइन. यहुदी घरात जन्मलेली तत्त्वज्ञ, कार्मेलाइट जोगीण झाली, १९४२ मध्ये आउशवित्झला मारली गेली, जन्माने यहुदी म्हणून. १९९८ मध्ये चर्चने संत घोषित केलं. तिच्या मठाला 'कार्मेल'च म्हणायचे, जर्मनीतल्या कोलोन शहरात.

वाचनवेडी

डोळे भरून आले, म्हणून एक साधा प्रश्न विचारते. मलिद्याला पोहे जाडे की पातळ?

नवगावची लेक

आमच्याकडे जाडे. धुऊन निथळत ठेवायचे, भिजवायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो. साखर घातली की पाणी सुटतं तेवढ्यात मऊ होतात. मग ओलं खोबरं भरपूर, वेलची, बेदाणे, बदाम-पिस्ते. वर पाच तरी फळं, केळं आणि खजूर हवेतच, आणि ताटात एक गुलाब. सासूबाईंच्या माहेरी पातळ घ्यायचे, त्यावरून घरात अजून वाद आहे.

वसईचा पाव

१६ जुलैला करून बघतो. गुलाब कुठे ठेवायचा, मधोमध की कडेला?

नवगावची लेक

मधोमध.